परत आलेल्या गोळ्या

केसरने कमरेची पुरचुंडी सोडून दवाखान्यातल्या टेबलावर उलटी केली. पांढऱ्या गोळ्या घरंगळल्या, दोन-तीन खाली पडल्या. त्या वेचायला ती वाकली. डॉक्टर नुरुद्दीन नुसते बघत राहिले. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनीच त्या दिल्या होत्या.

"येकबी खाल्ली न्हाय," केसर म्हणाली. "एरंडेल दिव्यात जाळलं. नवरा, सासू, दोन पोरं, कुनालाच दिलं न्हाय."

"मग आज का आणल्यात?"

"शेजारची मानसं रगताच्या आवेनं लोळतात आनि आमी धडधाकट. आमी तुमचं आयकलं न्हाय, म्हून त्यांना भोगायला लागलं का, डाक्टर?"

एकोणीसशे एकतीस सालचा तो आश्विन होता. रेवदंड्याच्या आसपास आव पसरू लागली, तेव्हा नुरुद्दीननी खाडीपलीकडच्या कोळीवाड्यात जाऊन वीसही घरांत आगाऊ औषध वाटलं होतं. सकाळी एरंडेलाचा जुलाब, मग तीन दिवस आतडी साफ करणाऱ्या गोळ्या. मुंबईला शिकताना त्यांनी हेच पाहिलं होतं. पोट स्वच्छ असेल तर रोग टिकणार कुठे?

केसरला चार शब्द सुनवायचे म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि तसेच थांबले.

"तुमच्या घरात कोणालाच झालं नाही?"

"तोच तर घोर हाय."

त्यांनी छत्री घेतली आणि तिच्याबरोबर होडीत बसले.

पहिलं घर भागोजीचं. जाळं विणत तो ओसरीवर बसला होता. गोळ्या घेतल्या का, असं डॉक्टरांनी विचारताच त्याची नजर आढ्याकडे गेली.

"घेतल्या की. तिन्नी दिवस."

"भागोजी, मी माज्या परत दिल्या," केसर म्हणाली. "हे रागवले न्हाय. खरं सांग."

भागोजी ओशाळून हसला. उठून त्याने वाशामागून पुडी काढली, न उघडलेली. त्याच्या घरात सगळे बरे होते.

पुढच्या काही घरांतही असंच झालं. डॉक्टरांनी विचारलं की माणसं 'व्हय' म्हणत, आणि केसरने स्वतःचं सांगितलं की कुणी चुलीमागून पुडी काढी, कुणी खाडीकडे बोट दाखवी. बाकीच्यांनी मात्र खरंच घेतल्या होत्या. दुपारपर्यंत एकोणीस घरं झाली. ठमीचं तेवढं राहिलं. तिच्या मुलीला आव झाल्याचं सगळ्या वाड्याला ठाऊक होतं.

नुरुद्दीन मासळी वाळवण्याच्या जागेशी एका दगडावर टेकले. वहीत त्यांनी दोन रकाने आखले होते. गोळ्या टाकून देणारी नऊ घरं, त्यांतल्या एकातच आजार. गोळ्या घेणारी दहा, त्यांतल्या सातांत. विहीर एकच, मासळी एकच. त्यांनी पुन्हा मोजलं.

शिकत असताना एकदा त्यांनी निरोगी माणसाचा मल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. नुसती वळवळ. हे सगळे जंतू तिथे करतात काय, असं त्यांनी विचारलं, तर शिकवणारे हसले होते. करत काहीच नाहीत, राहतात आपले. तेव्हा तो प्रश्न तिथेच संपला होता.

"केसरबाई, तुम्ही सगळ्या इथेच सुकवता?"

"व्हय. ज्याची त्याची जागा ठरलेली."

"आणि एखादीने चार दिवस मासळी पसरलीच नाही तर?"

"तर दुसरी पसरते. मग उटवून दावा तिला." ती हसली. डॉक्टर हसले नाहीत.

ते उठले. "ठमीबाईंकडे चला."

ठमी दारातच होती. आत घोंगडीवर तिची नऊ वर्षांची कमळ पडलेली, डोळे खोल गेलेले. आजचा सहावा दिवस.

"डाक्टर, त्या गोळ्या आनकी द्या," ठमी म्हणाली. "तवा मी येकबी चुकवली न्हवती. बोटांवर मोजून दिल्या पोरीला."

नुरुद्दीन उंबऱ्याशी खाली बसले. त्यांना बाकडं द्यायला केसर धावली, पण त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"ठमीबाई, गोळ्या नाही देत. पोटात आपले काही जंतू असतात. त्यांचा त्रास नसतो, उलट ते जागा अडवून बसत असावेत. माझ्या औषधाने ते धुऊन गेले आणि रोगाला वाट मिळाली, असं मला वाटतंय. खात्री नाही. पण तसं असेल, तर चूक माझी. तुमची नाही."

ठमीने वळून पोरीकडे पाहिलं. आत कमळने कूस बदलली.

"तुमी सोता घेतल्या व्हत्या?"

नुरुद्दीननी वहीकडे पाहिलं. वाड्यातली घरं त्यांनी मोजली होती, स्वतःला कुठल्याच रकान्यात घातलं नव्हतं. महिनाभर ते आजूबाजूच्या गावांतलं पाणी पीत होते, आजाऱ्यांच्या उशाशी बसत होते, आणि त्यांना काहीच झालं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "वेळच झाला नाही."

केसरने मान खाली घातली. ठमी मात्र त्यांच्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिने तांब्या आणला आणि त्यांच्या हातांवर पाण्याची धार धरली. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले.

"सकाळधरनं पेज मागते पोर," ती म्हणाली. "देऊ का न्हाय, ते तुमी सांगा."