दोन बोटं

हिंदुरावने लांब काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि तिला ताणून बांधलेली पांढरी कापडी पट्टी हेलिकॉप्टरच्या गरगरणाऱ्या पात्यांच्या टोकांकडे हळूहळू झुकवली. धूळ डोळ्यांत जात होती, पण तो पापणी हलवेना. फट्ट! पट्टीला पात्यांचा निसटता स्पर्श झाला, तशी त्याने काठी झटक्यात मागे घेतली आणि हात वर करून इंजिन बंद करायची खूण केली.

त्या साली उसावर पायरिला किडीने थैमान घातलं होतं. औषध फवारायला कारखान्याने हेलिकॉप्टर बोलावलं, आणि ते बघायला रहिमतपूरपासूनची माणसं माळावर लोटली. सकाळीच पायलटने तक्रार केली, की मशीन वर गेलं की हादरतंय. कंपनीचा मेकॅनिक भाऊसो एकटाच आलेला. त्याला पट्टी धरायला जाणता माणूस हवा होता. गावाने एका तोंडाने हिंदुरावचं नाव घेतलं. हवाईदलात पंधरा वर्षं हेच काम केलेला दुसरा होता कोण?

भाऊसोने एका पात्याच्या टोकाला लाल खडू फासला होता, दुसऱ्याला निळा. दोन्ही पाती एका पातळीत फिरत असती, तर पट्टीवर खुणा एकमेकींवर पडल्या असत्या. लाल खूण वर होती, निळी खाली. मधे दोन बोटं अंतर.

"चालतंय की," भाऊसो म्हणाला. "दुपारपातूर पंचवीस एकर उरकायचंय. संध्याकाळी बघू."

"न्हाई."

"आवं, एवढ्यानं काय हुतंय?"

"न्हाई म्हटलं न्हवं! पात्याच्या दांडीचा नट अर्धा फेरा फिरव. मी पुन्यांदा पट्टी धरतो."

आवाज एवढा चढला, की बघे गप झाले. हिंदुराव म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. त्याला असं ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं.

बाभळीखाली जाईबाई बसली होती. नाथाजीची आई. हिंदुराव सकाळपासून उपाशी म्हणून भाकरी बांधून आणली होती तिने.

"त्याचं ऐक रं बाबा," ती भाऊसोला म्हणाली. "लय मोठ्या मनाचा हाय त्यो. माझा नाथाजी त्याच्याच हाताखाली व्हता. पोराला असल्या इमानात बसायची लय हौस. ह्यानं आपली जागा त्याला दिली. माझ्या एकुलत्या एका लेकराची हौस पुरवली ह्यानं."

हिंदुराव पाना शोधायच्या निमित्ताने खाली वाकला. आठ वर्षं तो हे ऐकत आला होता. गावच्या जत्रेत, लग्नाच्या मांडवात, चारचौघांत. दर वेळी त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि दर वेळी तो तोंडात मूग गिळून बसायचा.

तिकडे पूर्वेला, डोंगरातल्या हवाईदलाच्या एका तळावर घडलेली गोष्ट. त्या दिवशीही पट्टीवर एक खूण बाकीच्यांपेक्षा दोन बोटं खाली उतरली होती. हिंदुरावची रजा मंजूर झालेली, गाडीची वेळ भरत आलेली. त्याने वहीत 'ठीक' लिहून सही ठोकली. आता रिवाज असा, की पात्यांच्या कामावर ज्याची सही, त्याने पहिल्या उड्डाणात बसायचं. तर नाथाजी म्हणाला, "तुमी जावा दादा, गाडी चुकंल. मी बसतो की." आणि हिंदुराव गाडी गाठायला गेला. पायात पाय अडकून पडला असता तर बरं झालं असतं, पण गेला. तो लोणंदला उतरायच्या आत हेलिकॉप्टर पडून नाथाजी गेल्याची तार गावात पोचली होती. चौकशीत सगळं खापर वाऱ्यावर फुटलं. ते खरंही असेल! हिंदुरावला ते कधी कळलं नाही, आणि तेवढ्यासाठीच त्याची झोप गेली होती.

नट फिरवला. खडू पुन्हा फासला. हिंदुरावने कोरी पट्टी धरली. या वेळी लाल-निळं एकात एक मिसळून एकच रेघ उठली. पायलट एक फेरी मारून आला आणि हसत म्हणाला, "पोटातलं पाणी हलत नाही!"

हेलिकॉप्टर औषध घेऊन उसाकडे गेलं, तशी माणसंही त्यामागे पळाली. हिंदुराव बाभळीखाली येऊन टेकला. जाईबाईच्या मांडीवर दोन्ही पट्ट्या होत्या. ती त्या उलटसुलट करून बघत होती.

"ही पयली न्हवं? हिच्यात दोन रेघा हायत."

"व्हय, काकी."

"म्हून ओरडलास व्हय त्याच्यावर? एवढ्यानं काय हुतंय?"

हिंदुरावला वाटलं, हो म्हणावं, काही होत नाही म्हणावं, म्हातारी ऐकून घेईल.

"लय हुतंय," तो म्हणाला.

जाईबाईची बोटं पट्टीवर थांबली. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"माझ्या नाथाजीच्या येळंला किती व्हतं रं?"

त्याने उजवा हात उचलला. दोन बोटं जोडून दोन रेघांच्या मधे ठेवली. ती तंतोतंत बसली. त्याने हात काढून घेतला नाही.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय, काकी. मला गाडी धरायची व्हती."

लांब उसावर हेलिकॉप्टरचा एकसारखा आवाज चालला होता. जाईबाई रडली नाही की बोल लावला नाही. तिने नुसतं विचारलं,

"आज पुन्यांदा पट्टी धराय किती येळ लागला?"

"अर्धा तास."

"अर्धा तास," ती म्हणाली.

मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली. भाकरीचं गाठोडं तिथंच राहू दिलं. दोन रेघांची पट्टी नीट घडी घालून तिने कनवटीला खोचली आणि मागे न बघता गावाच्या वाटेला लागली.