पाठ केलेली उत्तरं

मास्तरांनी समोरचा आरसा थोडा खाली वळवला. मागच्या सीटवर टिकली खिडकीकडे तोंड करून बसली होती.

“मधल्या सुट्टीत काय करतेस?” मास्तरांनी विचारलं.

“मैत्रिणींबरोबर पकडापकडी खेळते.”

“आणि हे सांगताना बघायचं कुठे?”

“त्या बाईंकडे. मग थोडा वेळ टेबलाकडे. मग परत त्यांच्याकडे.”

“फक्कड! आता पुढचं...”

गाडी गचका खाऊन थांबली. मास्तर गाडी चालवायला शिकवत असल्यामुळे त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. घरच्यांनी त्याला पाय लावायचा नाही, असा दंडक होता. तो आज टिकलीच्या आईने मोडला.

“अहो, पुरे आता. तपासणीला चाललोय आपण, तोंडी परीक्षेला नाही.”

“कळतं मला,” मास्तर म्हणाले. त्यांना कळलेलं नव्हतं.

मास्तरांची ख्यातीच तशी होती. शेजारी धोंडा बसवला तरी ते त्याला परवाना मिळवून देतील, असं लोक म्हणत. कुठला तपासनीस कुठल्या वळणावर काय विचारतो, हे ते शिकाऊ माणसांकडून असं घोकून घेत, की माणूस झोपेतही बरोबर सांगे. पुढे त्याला रहदारीत गाडी चालवता येई का, हा प्रश्न वेगळा. तो मास्तरांना कुणी विचारत नसे.

टिकली नऊ वर्षांची. घरी तिची टकळी थांबत नसे, शाळेत मात्र तोंडातून अक्षर निघत नसे. घंटा झाली की ती कानांवर हात दाबून बाकाखाली बसे. शाळेतून घरी आली की आधी पलंगाखाली शिरे, ती दिवेलागणीपर्यंत बाहेर येत नसे. वर्गशिक्षिकेनेच सुचवलं, मुलांच्या मानसतज्ज्ञांना एकदा दाखवा. त्यांनी लिहून दिलं तर तिला शांत खोलीत बसू देता येईल, घंटेआधी बाहेर सोडता येईल.

“कशाला हात दाखवून अवलक्षण?” मास्तर म्हणाले होते. “एकदा शिक्का बसला की जन्मभर पुसला जात नाही.”

आईने बरेच दिवस अबोला धरला, तेव्हा कुठे ते तयार झाले. पण तपासणी झाली तरी ती शेवटी चाचणीच, आणि तयारी न करता चाचणीला आजवर त्यांनी कुणाला पाठवलं नव्हतं. ते काही बेफिकीर बाप नव्हते. लेकीवर त्यांचा फार जीव होता, आणि जीव लावायची त्यांना ही एकच रीत येत होती.

मानसतज्ज्ञ बाई मवाळ बोलणाऱ्या होत्या. टिकलीला घेऊन त्या आत गेल्या. बाहेरचा बाक अगदी आखूड होता, दोघं त्यावर खेटून बसली. दार उघडलं तेव्हा आईच्या ओढणीच्या टोकाची दोरी झाली होती.

टिकलीला खेळण्यांपाशी बसवून बाईंनी दोघांना आत बोलावलं.

“छान बोलली,” त्या म्हणाल्या. “सगळ्याची उत्तरं दिली. माझ्याकडे बघून दिली.”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. “म्हणजे पास?”

“पास-नापास नसतं हो इथे. पण शाळा जी मुलगी सांगते आणि मी आज जी बघितली, त्या दोघींचा मेळ बसत नाहीये. जे दिसलं तेच मला लिहावं लागेल. आजच्यावरून तरी शाळेला वेगळं काही सुचवण्यासारखं नाही.”

जिना उतरताना आई मास्तरांच्या पुढे चालत होती.

गाडीत बसताच टिकली सीटवरून घसरली आणि दोन सीटांमधल्या जागेत अंगाचं मुटकुळं करून पडली. तिचे हात कानांवर होते. दात वाजत होते.

“अगं, काय झालं? छान झालं की सगळं! वर बस बघू.”

टिकली हलली नाही. खालूनच तिने विचारलं, “बाबा, आता रोज असंच करायचं?”

मास्तरांनी किल्ली फिरवायला हात पुढे केला होता. तो तसाच मागे आला. ते दार उघडून उतरले आणि दोन-दोन पायऱ्या चढत परत वर गेले.

बाई दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होत्या. मास्तर दारातच उभे राहिले.

“मी शिकवलंय तिला,” ते म्हणाले. “काय बोलायचं, कुठे बघायचं, सगळं मीच. पकडापकडी ती कधी खेळलेलीच नाही.”

बाई उठून बाहेर आल्या. “वाटलं होतं मला, काहीतरी निसटतंय म्हणून. आता कशी आहे?”

“गाडीत खाली पडलीय.” मास्तरांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. “मी लोकांना पास करतो हो. दुसरं काही येत नाही मला.”

“तिला आज दमवू नका,” बाई म्हणाल्या. “पुन्हा यायचं का, ते तिलाच विचारा. आणि या वेळी काही शिकवू नका.”

मास्तर खाली आले. मागचं दार उघडून ते फुटपाथवरच बसले. चांगली इस्त्रीची पँट होती, तरी बसले. येणारे-जाणारे बघत होते. आई पुढच्या सीटवर अंग वळवून बसली होती.

“टिकले, त्या बाई म्हणतायत, परत येशील का?”

“परत सगळं म्हणायचं?”

“नाही. तुला वाटेल ते सांग.”

“चुकलं तर?”

“चुकू दे.”

टिकलीने एका कानावरचा हात काढला. “मग मी खरं सांगू? मला त्यांचं नीट ऐकूच येत नव्हतं. तो वरचा दिवा गुणगुणत होता. शेजारच्या खोलीत कुणीतरी सारखं पेनचं बटण दाबत होतं. टक टक. टक टक.”

आपण त्या खोलीत बसलो होतो, एवढंच मास्तरांना आठवत होतं. दिव्याचं काही आठवेना.

“आणखी काय ऐकू येत होतं?”

“आणखी तू,” टिकली म्हणाली. “बाहेर बसून माझी उत्तरं पुटपुटत होतास. सगळी.”

तेव्हा बाकावर आई त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली होती. तिलासुद्धा काही ऐकू आलं नव्हतं.