बुरुजावर ताट नेणारी

ही गोष्ट १९९४ सालची. किल्लारीच्या भूकंपाला आठ-नऊ महिने झाले होते आणि परळीतली माणसं अंगणातल्या बाजा उचलून पुन्हा घरात झोपायला लागली होती.

आमचं घर दुकानाच्या मागं. पुढं किराणा दुकान, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि त्यामागं दुसऱ्याची भिंत. बाहेर जायचं तर दुकानातूनच, गादीवर बसलेल्या मालकांच्या समोरून. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, गिऱ्हाईक नसेल तेव्हा जात जा. दुकान चांगलं चालायचं. गिऱ्हाईक नाही अशी वेळ फार थोडी यायची.

मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, नाव सिद्धलिंगअप्पा. सकाळी लिंगपूजा करून, विभूती लावून गादीवर बसले की दुपारच्या जेवणाशिवाय उठत नसत. मुलगा मृत्युंजय त्यांच्या हाताखाली. त्यानं हट्टानं दुकानाच्या एका कोपऱ्यात कॅसेटचं कपाट लावलं होतं आणि तो व्हीसीआर भाड्यानं द्यायचा. थर्मल वीजकेंद्राची राख साखरेच्या पोत्यांवर बसायची तशी कॅसेटवरही बसायची. तो दिवसभर फडक्यानं त्या पुसायचा.

सून रोहिणी, लग्नाला वर्ष झालेलं. डी.एड. होती. लग्नाआधी तिनं जिल्हा परिषदेत मुलाखत दिली होती, त्याची ऑर्डर त्या जूनमध्ये आली. गाव चकलांबा, गेवराई तालुका. येत्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. बीड, गेवराई करत जायला अर्धा दिवस लागायचा, म्हणजे तिथं खोली घेऊनच राहणं आलं.

मालक म्हणाले, "घरात काय कमी हाय? लोक म्हणतील, सिद्धलिंगअप्पा सुनेच्या पगारावर जेवतो. आन् तिकडं एकटी राहणार? रातच्याला भिंत पडली तर काढायला कोन हाय?"

"अप्पा, भिंत तर इथली बी पडंल," रोहिणी हळूच म्हणाली.

मृत्युंजयला हसू आलं. वडिलांनी बघितल्यावर त्यानं ते गिळलं.

मालक मला म्हणाले, "तिच्यावर ध्यान ठेव. दुकानाकडं येऊ देऊ नको. सोमवार गेला की चित्त थाऱ्यावर येतंय."

मी ध्यान ठेवलं. रोहिणी माजघरात भिंतीला टेकून बसायची. माजघराला खिडकी नव्हती, वर एक झरोका होता. त्यातून उन्हाचा तुकडा पडायचा आणि दुपारभर फरशीवरून सरकत जायचा. ती त्याच्याकडं बघत राहायची. ती स्वयंपाकघरात जेवायला येईना, म्हणून मी ताट तिच्यापाशी नेऊन ठेवायची. तासाभरानं तसंच उचलून आणायची.

तिचं मन रमावं म्हणून मी मृत्युंजयला माजघरातल्या टीव्हीवर जुने सिनेमे लावायला सांगितले. लातूरहून कॅसेटची एक पेटी आली होती, तिच्यात आमच्या लहानपणचे तलवारीचे आणि जादूचे सिनेमे होते. जादूगार, राक्षस, उडता गालिचा, पोपटात जीव असलेला राजा. नेकनूरला माहेरी असताना असले सिनेमे बघून मी रात्री आईचा पदर धरून झोपायची.

आता बघितलं तर राक्षस म्हणजे पायाला लाकडं बांधलेला एक बारका माणूस होता. गालिच्याची तार दिसत होती. हिरोनं तलवार मारली की ती वाकायची, मग तो घाईनं ती पाठीमागं लपवायचा.

"आत्याबाई, राक्षसाच्या मनगटाला घड्याळ हाय बघा," रोहिणी म्हणाली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली.

"त्याला बी ड्युटी संपायची वाट बघायची असंल," मी म्हणाले.

मग मी तिला एका सिनेमाविषयी सांगितलं. त्या नावाचे तीन-चार सिनेमे होते, म्हणून नाव लिहीत नाही. त्यात जादूगार राजकन्येला बुरुजात कोंडतो. मी म्हणाले, "ती कुणाची वाट बघत न्हाई. जादूगार झोपला की त्याच्या बोटातली अंगठी काढती, त्याच्याच घोड्यावर बसती आन् एकटी जाती."

"खरंच?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

ती कॅसेट पेटीत सापडली. शनिवारी दुपारी आम्ही दोघी ती बघायला बसलो. तिचं ताट शेजारीच होतं, तिनं हात लावला नव्हता. सिनेमा मला पाठ होता. आता वादळ येणार, आता मशाल विझणार, असं मी आधीच सांगत होते. राजपुत्र दरीपाशी पोचला आणि तिथून पुढं मला काहीच ओळखीचं वाटेना. जादूगार झोपलाच नाही. घोडा कुठं दिसेना.

तेव्हा मला आठवलं. हा सिनेमा मी लग्नानंतरच्या पहिल्या महाशिवरात्रीला, वैजनाथाच्या जत्रेतल्या तंबूत बघितला होता. बायका कनातीच्या अलीकडं बसायच्या आणि शेवटचं रीळ लागायच्या आत त्यांना उठवायचे. पुरुषांची गर्दी सुटण्याआधी बायकांनी घरी पोचायचं, अशी रीत होती. त्या वर्षांतल्या एकाही सिनेमाचा शेवट मी बघितलेला नव्हता. घरी जाताना शेजारची सत्यभामा शेवट रचायची, आम्ही त्यात भर घालायचो. अंगठी, घोडा, सगळं तिचं. पुढं पोरांना सांगता सांगता तोच खरा शेवट होऊन बसला.

मालक जेवून उठले होते. ओला हात तसाच धरून ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आता दार तोडतोय बघा."

राजपुत्रानं दार तोडलं.

"तुमाला म्हाईत होतं?" मी विचारलं.

"आमी पुरा बघितलता की. लोक खांबावर चढलते."

"मग मी इतकी वर्षं पोरांना निराळंच सांगत होते, तवा बोलला न्हाईत?"

"पोरं झोपत होती ना? मग झालं."

पडद्यावर बुरूज पडायला लागला. राजपुत्रानं राजकन्येला उचललं, खाली पालखी तयार होती, तिच्यात बसवलं आणि पालखीचे पडदे सोडले. वर पायऱ्यांवर एक म्हातारी उरली. राजकन्येला जेवण नेऊन देणारी बाई. ती खाली बघत होती. मग तिच्यावर दगड कोसळले आणि बाजे वाजले.

"ती म्हातारी मेली?" मी म्हणाले.

"मरती की. लई शिट्ट्या पडल्या त्या टायमाला. मी बी मारलती."

"कावून? तिनं कुणाचं काय केलतं?"

"अगं, जादूगाराची बाई ती. रोज वर जायची, दार उघडायची, ताट ठेवायची, दार लावायची. एकदा तरी सोडलं का पोरीला?" मालकांनी पंच्याला हात पुसला आणि ते दुकानात गेले.

रोहिणी माझ्याकडं बघत नव्हती. ती तिच्या ताटाकडं बघत होती. भाकरी वाळून कडा वर आल्या होत्या.

संध्याकाळी मी कॅसेट मागं घेऊन त्या बाईचे तेवढे प्रसंग पुन्हा बघितले. तंबूत बघितलं तेव्हा मी राजकन्येच्या वयाची होते आणि ही बाई मला दिसलीही नव्हती. आता बाकी कुणी दिसेना. पायऱ्या चढताना तिला धाप लागत होती. ताट ठेवताना राजकन्या तिला काहीतरी विचारायची आणि ती मान हलवून निघायची. दारातून बाहेर पडली की एकदा कानोसा घ्यायची. जादूगार समोर नसतानाही तिला त्याचंच भ्या वाटत होतं. राक्षसाचं मला हसू आलं होतं. ह्या बाईचं काही खोटं नव्हतं.

रविवार उजाडला. स्वयंपाक केला, भांडी घासली. मालकांना विचारून बघावं असं चार वेळा मनात आलं. ते काय म्हणणार ते मला ठाऊक होतं.

सोमवारी पहाटे मी रोहिणीला उठवलं. "पिशवी भर. सकाळची बीड गाडी हाय."

ती उठून बसली. "अप्पा?"

"अप्पा गादीवर असणार. त्यांच्या म्होरनंच जायचं. दुसरी वाट कुठं हाय आपल्याला?"

तिनं पिशवी भरली. मी पुढं झाले आणि ती मागं. दुकानात गिऱ्हाईक होतं. आश्रुबा हमाल गूळ घ्यायला आला होता. मालकांनी मान वर केली.

"कुठं?"

"चकलांब्याला," मी म्हणाले. "मी धाडतेय तिला."

"तू?"

"हां, मी."

आश्रुबा गूळ न घेताच बाहेर गेला. मालक हळू आवाजात म्हणाले, "रोहिणी, पायरी उतरलीस तर पुन्हा चढायचं न्हाई."

रोहिणीनं खाली वाकून त्यांना नमस्कार केला. त्यांनी पाय मागं घेतले. ती पायरी उतरली. मृत्युंजय कपाटापाशी हातात फडकं धरून उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं. "आता काय, पिशवी बी तिनंच उचलावी का?" म्हणाले. त्यानं फडकं टाकलं आणि चप्पल न घालताच तिच्यामागं पळाला.

दुकानात आम्ही दोघं राहिलो.

"ध्यान ठेव म्हणलतो तुला," मालक म्हणाले.

"ठेवलं की."

मी उघड्या दारातून रस्ता बघितला. मलाही ती पायरी उतरता आली असती, पण कुठं जायचं ते मला सुचलं नाही. गिऱ्हाईक यायला लागलं तशी मी आत गेले. दिवाळीपर्यंत मालक माझ्याशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी मृत्युंजयला सांगायचे.

मृत्युंजय दर शनिवारी चकलांब्याला जायचा. पुढं घरोघर केबल आली, कॅसेट कुणी नेईना, तेव्हा त्यानं कपाट मोडीत काढलं आणि गेवराईत वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं. ते बरं चाललंय. रोहिणी परळीच्या घरात मालकांच्या हयातीत आली नाही. ती आता नेकनूरच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. नातीचं, स्वप्नालीचं, बारसं झालं तेव्हा मालक एकदा चकलांब्याला गेले. बाहेर खुर्ची टाकून बसले, बाळाच्या हातात चांदीचं कडं घातलं आणि संध्याकाळच्या गाडीनं माघारी आले. २००८ साली ते गेले. शेवटच्या आजारपणात रोहिणीनं रोज फोन केला. त्यांनी फोन हातात घेतला नाही, पण "काय म्हणाली?" असं दर वेळी मला विचारलं. सत्यभामा त्याच्या आदल्या वर्षी गेली. तिला त्या सिनेमाचा खरा शेवट मी सांगितला नाही. स्वप्नाली पुण्याला नोकरीला आहे.

मी परळीतच असते. रोहिणी न्यायला येते, मी जाते आणि आठ दिवसांत परत येते. तिथं मला सगळं हातात मिळतं. सकाळी लवकर जाग येते, दार उघडंच असतं, कुठं म्हणून विचारणारं कुणी नसतं, तरी मी उठून अंथरुणावर बसून राहते.