मी, ‘करार’ शब्दाचे कार्ड

मित्रांनो, तळहाताएवढे, कडा पिवळ्या पडलेले एक जुने कार्ड तुमच्यासमोर आहे ना, ते मीच. माझ्यावर शब्द आहे ‘करार’. परवा त्यापायी असे काही घडले की मला अजून स्वस्थ बसवत नाही!

माझे मालक शब्दकोश तयार करतात. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी जाड कागद कापून मला बनवले आणि झोकदार अक्षरात अर्थ लिहिला : ‘दोन पक्षांनी परस्परसंमतीने केलेले लेखी बंधन’. त्याखाली वापर : ‘दोन्ही कंपन्यांनी करारावर सह्या केल्या.’ आल्यागेल्याला ते मलाच काढून दाखवत. मी फुगून जाई. पुढे कार्डे वाढली आणि मी खोक्याच्या तळाशी गेले. एका झुरळाने माझा कोपरा चाखला, तेवढीच काय ती विचारपूस.

अखेर कोश पुरा झाला. मालकांची धाकटी बहीण छापखाना चालवते. यंदा कोश छापायचे तिने कबूल केले होते. मालकांना घाई होती, कारण डोळे आणखी जेमतेम वर्षभर साथ देतील, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

परवा ती आली. “दादा, कॅलेंडरांचं मोठं काम आलंय. मशीन एकच आहे. तुझा कोश पुढच्या वर्षी घेते.”

“अगं, आपला करार झाला होता ना?”

“मग कागद दाखव.”

तिने ‘क’च्या खोक्यात हात घालून मला वर काढले. “लेखी बंधन, असं तूच लिहिलंयस. आपण तर नुसतं फोनवर बोललो होतो.”

मालकांनी पेन उचलले. टोक ‘लेखी’वर टेकले. खोडा, एकदाचे खोडून टाका, असे मी मनातल्या मनात ओरडत होते! पण त्यांनी पेन खाली ठेवले.

“तोंडी ठरलेल्यालाही लोक करार म्हणतात, असं मला वाटतं,” ते म्हणाले. “पण माझ्या वाटण्यावर कोश चालत नाही. दुसऱ्या कोणाच्या तोंडचं वाक्य लागतं. माझी अडचण आहे म्हणून मी अर्थ बदलणार नाही. तू कॅलेंडरं छाप.”

बहीण त्यांच्या चष्म्याच्या जाड भिंगांकडे बघत राहिली. मग तिने तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला.

“साहेब, तुमचं काम दोन महिन्यांनी घेईन. आधी दादाचा कोश. तोंडीच आहे, पण आमचा करार झालाय.”

मालक ताडकन उठले. “थांब, परत म्हण. शब्दन् शब्द सांग.”

तिने सांगितले. मालकांनी मला जवळ ओढून ‘लेखी’पुढे ‘किंवा तोंडी’ लिहिले. वापरात तिचे वाक्य, तारीख आणि ‘सांगणारी : बहीण’. मला तर आनंदाने वेड लागायचे बाकी होते!

आज ‘क’च्या पानांची प्रुफे आली. मालकांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचली.

मित्रांनो, आम्हा जुन्या कार्डांना अधूनमधून ऊन दाखवा, आमची धूळ झटका. पण कोणाशी काही ठरले असेल, तर आधी ते जपा. कागद नसेल तर जास्तच जपा, कारण तिथे समोरच्याजवळ तुमच्या बोलण्याशिवाय दुसरे काहीच नसते.