डिस्कचा पासवर्ड

दीनानाथ साहेब पोलीस ठाण्यात असे ऐसपैस बसले होते, जणू चहालाच बोलावलंय. "पासवर्ड विसरलो," ते म्हणाले. "आणि माणसाला खाजगीपणाचा हक्क असतो."

टेबलावर त्यांच्या तुंगार्लीच्या बंगल्यातली डिस्क होती. तिथे भाड्याने उतरलेल्या चैतालीला बेडरूमच्या घड्याळात कॅमेरा सापडला होता. त्याचं चित्रण या डिस्कमध्ये जायचं, आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डाशिवाय आत नुसता कचरा. हेच कुलूप बँकेतले पैसे राखतं, पोरीबाळींचे निरोप राखतं. इथं ते एका नालायकाची अब्रू राखत होतं.

बंगल्याची झाडलोट करणारी बेडसे गावची अनिता भिंतीशी उभी होती. तिला पासवर्ड पाठ होता. लाइट जाऊन आली की मशीन पासवर्ड मागायचं, आणि साहेब पुण्याहून फोनवर एकेक अक्षर सांगून तिच्याकडून तो टाकून घ्यायचे. "वायफायचं मशीन आहे," म्हणायचे. पासवर्ड होता त्यांच्या लेकीचं नाव आणि जन्मसाल. मेल्याने आपल्या लेकीच्या नावाखाली लोकांच्या लेकी कोंडल्या होत्या!

पण फरशी पुसून भिजलेली साडी अनिता त्या घड्याळाच्याच बेडरूममध्ये बदलायची. आणि पोलिसांनी नाक्यावरून पंचनाम्याचा साक्षीदार, म्हणजे पंच म्हणून धरून आणलेला माणूस कोण, तर तिच्याच गावचा श्रीपती. त्याने पाहिलं की गावभर झालंच.

"चित्रण मिळालं नाही तर केस टिकणार नाही," इन्स्पेक्टर म्हणाले.

चैताली बाकावर जमिनीकडे बघत बसली होती. अनिताने तिच्याकडे पाहिलं.

"मला ठावं हाय पासवर्ड," ती म्हणाली. "पर श्रीपतीभाऊला भाईर पाठवा. बाईमाणूस बसवा हितं."

"बाई बोलावतो. पण पंचाला पाहावंच लागतं, ताई."

दीनानाथांनी आज पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "अनिता, विचार कर," ते म्हणाले, आणि हसले. आपणही त्या चित्रणात आहोत, हे तिला त्या हसण्यावरून पक्कं कळलं.

तरी तिने अक्षरं सांगितली.

डिस्क उघडली. ओळीने तारखांचे फोल्डर आले. एकावर मात्र तारीख नव्हती, तिचं नाव होतं, आणि सगळ्यांत जास्त फाइली त्यातच होत्या.

"त्येवढं ऱ्हाऊ द्या, साहेब," ती इन्स्पेक्टरांना म्हणाली. "बाकीचं बघा."

श्रीपतीने खुर्ची पुढे ओढली.