तानबाजींची तीनचाकी

आमच्या गावात तानबा दोन. एक लंगडा तानबा, दुसरा ढेरपोट्या तानबा. ही नावं कुणी चिडवायला ठेवली नव्हती. पोस्टमनपासून पाहुण्यापर्यंत सगळ्यांच्या सोयीची होती. लहानपणी पोलिओत पाय गेलेला तानबा स्वतःच दारातून विचारायचा, "कोणता तानबा पाह्यजे? लंगडा असन तं मीच होय."

१९८१ हे अपंगांचं वर्ष निघालं आणि ग्रामसेवक मधुकररावांनी परिपत्रक वाचलं : लंगडा म्हणू नये, अपंग म्हणावं. गावाची जीभ त्यावर बसते न बसते, तोच दुसरं आलं : विकलांग बंधू म्हणावं. सरपंच रूपराव वैतागले. "पुढचा कागद येईस्तोवर कोणी काईच म्हणू नका. नुसतं तानबाजी म्हणा." ठराव एकमतानं मंजूर. त्यात ढेरपोट्याची ढेरीही परस्पर झाकली गेली. तो सरपंचांचा चुलतभाऊ.

तानबाला शब्दाचं सुखदुःख नव्हतं. त्यानं तीनचाकी सायकलीसाठी अर्ज केला होता. त्याची वांगी दर आठवड्याला दुसऱ्याच्या बैलबंडीवर केळझरच्या बाजारात जात आणि तो घरी बसे. आपल्या वांग्यांपाशी त्याला स्वतः बसायचं होतं, एवढंच.

सायकल आली तेव्हा तानबा वाडीत वांग्यांना पाणी देत ओलीत करत होता. सायकल घेऊन आलेल्या साहेबांनी विचारलं, "तानबाजी कोण?"

कोणता तानबाजी, हे सांगायला गावाच्या तोंडात शब्दच उरला नव्हता. ढेरपोटे तानबाजी पुढे झाले. हार पडला, फोटो निघाला.

"त्रास काय आहे?"

"गुडघा दुखते, साहेब."

संध्याकाळी तानबा काठी टेकत पंचायतीत आला. "माह्या नावापुढं लंगडा लिहा, पण माही सायकल द्या."

"तो शब्द बंद झाला," मधुकरराव म्हणाले. "वरून नवा आला की पाहू."

बाजाराच्या दिवशी ढेरपोटे तानबाजी सायकलीवर सांभार-पालकाच्या जुड्या लादून केळझरला गेले. तिथं परिपत्रक पोचलं नव्हतं. "ए लंगड्या, सरक बाजूले," जो तो म्हणे. उतरून चालावं, तर सोंग उघडं पडणार. त्यात त्यांच्या मुलीची होणारी सासू, देवकाबाई, समोरच भेंड्या निवडत होती. तिनं सायकल पाहिली, मग पाय पाहिले.

"काऊन जी इवाई, हे लपवून ठेवलं? आता पोरीले चालवून पाहा लागन."

दिवेलागणीला सायकल तानबाच्या अंगणात उभी होती. सोबत ढेरपोटे तानबाजी आणि सरपंच होते.

"दादा, ठराव फिरवा," ढेरपोटे काकुळतीला आले. "लंगडा कोण, हे गावानं मोठ्यानं म्हटलं पाह्यजे. देवकाबाईले ऐकू गेलं पाह्यजे."

"म्हणा नं," तानबा सीट पुसत म्हणाला. "पण पहिले सायकलीच्या कागदावर माहं नाव लिहा. बापाच्या नावासकट."

पुढच्या बाजारात तानबा पहिल्यांदा स्वतः गेला. मागून कुणीतरी ओरडलं, "ए लंगड्या, सरक."

"सरकतो नं," तानबा म्हणाला, "ब्रेक तं सोडू दे. अन् जाता जाता वांगे पाहून जा."