ज्याचा दिवस, त्याचीच वेळ

मी एक जुने, चावीचे, बायकांच्या मनगटावरचे घड्याळ आहे, मित्रांनो. बाईमाणसाच्या हातावर आयुष्य गेले, म्हणून बोलतेही बाईसारखीच. शाळेचे तोंड मी पाहिलेले नाही. आकडे बारापर्यंत येतात, त्यापुढचे मला कुणी विचारू नये. पण आहेत तेवढे असे पक्के, की भल्याभल्या शिकलेल्यांनी माझ्या तोंडाकडे बघून कामे उरकली आहेत.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे बायका एका डोळ्याला भिंग लावून ओळीने बसत. श्वाससुद्धा बेताने घेत, कारण माझ्या पोटातले स्क्रू एका फुंकरीने उडून जातील एवढे बारीक. एकीने चाके बसवली, एकीने काटे लावले आणि शेवटच्या बाईने मला कानाशी धरले. त्या कानाची ऊब मला अजून आठवते.

माझी पहिली मालकीण नर्स होती. माझ्या सेकंदकाट्यावर तिने किती जणांची नाडी मोजली, ते बारापुढचे असल्यामुळे मी सांगू शकत नाही. तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. मोठे डॉक्टरसुद्धा तिला वेळ विचारत आणि माझ्यावर विश्वास ठेवून पुढे जात. मग तिचे डोळे अधू झाले, माझे आकडे तिला दिसेनात आणि मी खणात गेले. पुढे कुणीतरी घर आवरले आणि मला जुन्या बाजारात नेऊन टाकले. एका चादरीवर, बंद पडलेली टॉर्च आणि किल्ली हरवलेले कुलूप यांच्यामध्ये. काय ती संगत!

सव्वाचारला मी थांबले होते. पण थांबलेले घड्याळ मेलेले असते असे समजू नका. ते स्वप्नात असते. ती सव्वाचारची दुपार माझ्याभोवती तशीच पसरून राहिली. पांढऱ्या पडद्यातून गाळून येणारे ऊन, नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास, कुणाच्या तरी मनगटातली मंद ठकठक. बाहेर ऋतू येऊन गेले असतील. माझ्याकडे सव्वाचारच.

त्या दुपारच्या स्वप्नातून मला उचलले ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. तिने घासाघीस केली, नाक मुरडले आणि मग सगळ्यांच्या नकळत चावी देऊन मला कानाशी धरले. तिथेच मी तिची झाले.

तिच्याकडे बटणांच्या डब्यात आम्ही बारा आणि वर काही, अशी घड्याळे होतो. सगळी स्वस्तातली, दुसऱ्याच्या हातावरून उतरलेली. डब्याचे झाकण लागले की प्रत्येकाला आपापले जुने मनगट आठवे. कुणी नावाड्याचे, कुणी वाजंत्र्याचे. अंधारात आमची स्वप्ने एकमेकांत मिसळत. मला कधी पाण्यावर डुलल्यासारखे वाटे, आणि नावाड्याचे घड्याळ म्हणे, आज मी कुणाची तरी नाडी मोजली.

बाईचा एक नियम होता. रोज संध्याकाळी मशीन बंद केले की डब्यातले पुढचे घड्याळ हातात घालायचे, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. ज्याचा दिवस, त्याचीच वेळ. त्या दिवशी ती भिंतीवरचे घड्याळ बघत नसे की फोनवरची वेळ. आमच्या खोडी तिला तोंडपाठ होत्या. मी तासाला एक मिनिट मागे पडते, हे ती मनात धरून चाले.

या नियमामागे तिचा मोठा भाऊ होता. लहानपणी वडिलांच्या घड्याळाला रोज चावी द्यायची ती. वडील गेले आणि घड्याळ मिळाले भावाला, मुलगा म्हणून. त्यावरून शब्दाला शब्द लागला. तेव्हापासून बारा वर्षे दोघे बोलले नव्हते. एकमेकांचा नंबरसुद्धा ठेवला नव्हता. एके दिवशी मावसबहिणीकडून निरोप आला. दादा दूर बदलीच्या गावी निघालाय, उद्या पावणेबाराला त्याची गाडी तुमच्या स्टेशनावर दहा मिनिटे थांबेल, यायचे असेल तर ये.

आणि तो दिवस नेमका माझा होता.

नवरा भला माणूस. म्हणाला, आजच्यापुरते ते चोख चालणारे घाल. तिने त्याच्याकडे असे पाहिले, की तो बिचारा चहाच्या कपात बघू लागला.

"आज हिचा दिवस आहे," ती म्हणाली. "या घरात कुणाचा हक्क डावलायचा नाही."

मी फुगले, खोटे कशाला बोलू? पण सकाळपर्यंतच मी बारा मिनिटे मागे होते. ती ब्लाउजला काजे करत मनात भावाशी भांडत राहिली, आणि माझी मिनिटे मिळवायची राहून गेली. गळ्यात मापाची फीत तशीच, खांद्याला पिशवी, अशी ती निघाली. माझ्या हिशेबाने वेळेच्या आधी.

स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी गेलेली होती. रुळांवर ऊन थरथरत होते. नळ ठिबकत होता. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि दुसऱ्या हाताने मला झाकून टाकले, ते मला फार लागले. वाटले, इथेच थांबावे, सव्वाचार व्हावे, कुणी उठवू नये.

तेवढ्यात फलाटाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस दिसला. ट्रंकेवर बसलेला, बूट काढून.

"गाडी सोडलीस?" तिने विचारले.

"दहा मिनिटांत तुझं भांडण कुठे आटपलं असतं, सुई?" तो म्हणाला. लहानपणापासून तो तिला सुईच म्हणे, टोचते म्हणून.

मग त्याने बाही वर केली. मनगट उघडे होते. वडिलांचे घड्याळ पहिल्याच वर्षी नदीत पोहताना पडले होते. ते सांगायची लाज वाटली, म्हणून राग धरून बसला होता. "तुझ्या हातात असतं तर राहिलं असतं," एवढेच म्हणाला.

मग तिने मला काढले आणि त्याच्या मनगटावर लावून पाहिले. पट्टा पुरेना. तेव्हा तिने पिशवीतून कात्री काढली, गळ्यातल्या फितीचा तुकडा कापला आणि तिथेच बाकावर बसून पट्ट्याला शिवून टाकला. शिवणाऱ्या बाईने आपली फीत कापावी, म्हणजे काय ते तुम्ही आईला विचारा.

आता मी दादांच्या हातावर असते. बायकी घड्याळ म्हणून कचेरीत लोक हसतात. हसोत. इथे रोज माझाच दिवस. सकाळी ते मला चावी देतात आणि फोन लावतात. त्या फोनवर वेळ केवढ्या मोठ्या आकड्यांत लिहिलेली असते! तरी विचारतात, "सुई, वाजले किती?" ती सांगते, मग चांगला अर्धा तास दोघे कशावरून तरी भांडतात. परवा दुरुस्तीवाला म्हणाला, मागे पडते, पाच मिनिटांत नीट करून देतो. दादांनी हात मागे घेतला.

मित्रांनो, तुमच्या घरात खणात एखादे घड्याळ थांबून पडले असेल. त्याला बाहेर काढा, मऊ कापडाने पुसा, चावी द्या, कानाशी धरा. त्याने चुकीची वेळ दाखवली तर रागावून फेकू नका. बरोबर वेळ कुणाला तरी विचारा. कुणाला विचारायची, ते तुम्हाला ठाऊक असतेच.